टाकीला लोखंड हवंय

हिरवट दगडांचा डोंगराएवढा ढीग.

अर्धी शिवलेली पिशवी, दोरा लोंबतोय.

घरातला एक रिकामा कोपरा, फरशीवर चार पायांचे ठसे.

"लोखंड कुठंय?"

हे शेवटचं साहेबांचं. तांब्याच्या कारखान्यात सकाळपासून ते एवढंच ओरडत होते. तिथलं काम असं: दगडांवर अ‍ॅसिड शिंपडायचं, तांबं विरघळून पाणी निळं होतं, मग त्या पाण्यात भंगार लोखंड टाकायचं. लोखंड झिजत जातं आणि तांब्याचा लाल गाळ धरतो. आज भंगाराचा ट्रकच दिसत नव्हता. टाकी उपाशी, साहेब पेटलेले.

"दुपारपर्यंत लोखंड दिसलं नाही, तर तुलाच टाकीत घालतो!"

ही धमकी टाकीवाल्याला होती. जेवायच्या सुट्टीत तो घरी गेला. बायको बाहेर गेली होती. त्याने तिचं शिलाई मशीन हातगाडीवर घातलं, कारखान्यात आणून रंग नीट खरवडला आणि टाकीत सोडलं.

बायको आली ती फाटकापासूनच कडाडत.

"माझं मशीन कुठंय?"

"सकाळी तूच म्हणालीस ना, हे खटारं घाला एकदाचं तुमच्या टाकीत?"

"दोरा तुटला की मी रोज म्हणते! तुमच्या आईबद्दलही म्हणते. त्यांना घातलंत का?"

साहेब धावत आले. "कोण ही बाई? बाहेर काढा!"

"काढा ना! पण तुमचा गाळ ज्यात गाळता, त्या पिशव्या कोण शिवतं ते विचारा आधी."

कोणी विचारायच्या आतच पिशवी बोलली. मशीनचं लोखंड भलतंच गुणी निघालं होतं. गाळ भराभर धरला आणि जुनी पिशवी टर्रकन फाटली. तांबं गटाराकडे निघालं.

"नवी शिव! आत्ताच्या आत्ता!"

"कशावर? तुमच्या टाळक्यावर?"

आकड्याने मशीन वर काढलं. लालबुंद, नव्या नवरीसारखं. तिने चाक फिरवलं. चाक हातातच आलं.

"नवं मशीन आणा. तोवर सुईला हात लावणार नाही."

साहेबांनी टाकीवाल्याला दुकानात पिटाळलं. मग दात ओठ खात अंगातला कोट काढला आणि गुडघ्यांवर बसून गटाराच्या तोंडाशी ताणून धरला.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "डावीकडून गळतंय."

भंगाराचा ट्रक सकाळीच आला होता. आपली गाडी आधी आत जावी म्हणून साहेबांनीच त्याला मागच्या फाटकाशी थांबायला सांगितलं होतं.