टाकीशिवायची बुडी धरत नाहीत

"आज मॅनटी दिसली नाही तर राजीनामा देतो," असं रॉइस पेटिग्रू बोटीत चढता चढता बोलून गेला. सात जणांनी ते ऐकलं, त्यामुळे आता मागे घेण्याची सोय उरली नव्हती.

रॉइस मेकन शहराच्या स्कूबा क्लबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून बुड्या मारणाऱ्यांचा, अध्यक्ष. दर जानेवारीत क्लबाच्या सात सभासदांना घेऊन तो जॉर्जियातून गाडी हाणत फ्लोरिडात, क्रिस्टल रिव्हरला यायचा. बाहेर गारठा पडला की मॅनटी झऱ्याच्या कोमट पाण्यात येऊन लोळतात. म्हशीएवढं धूड, मिशाळ तोंड, पाण्यातल्या गवतावर जगणारा गरीब जीव. सहलीला आलेली शाळेतली पोरंसुद्धा दहा-बारा बघून जातात. या क्लबाला मात्र आठ हिवाळ्यांत एका मॅनटीची शेपटीही दिसली नव्हती.

कारण काही गूढ नव्हतं. बोटीची मालकीण लूअ‍ॅन ते दरवर्षी सांगायची. यंदाही तिने सांगितलं.

"अहो, टाक्या बोटीत ठेवा. तुमच्या बुडबुड्यांच्या आवाजाने त्या बिचकतात. तोंडात नळी धरून नुसते वर तरंगत राहा. आपणहून येतील."

"नळी पोराटोरांनी धरायची," रॉइस म्हणाला. "आमच्या क्लबात टाकीशिवायची बुडी धरत नाहीत."

"मग दिसणार नाही."

"का नाही दिसणार? बघतोच!"

"राजीनामा लिहून आणलायस का?" ओडेसा क्रॅबट्रीने विचारलं. ही क्लबाची चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापिका. सहल बहामाला न्या, असं तीन वर्षं सांगून ती थकली होती. "नसेल तर माझ्याकडे कागद आहे."

"ओडेसा, आज या डोळ्यांनी मॅनटी बघितली नाही ना, तर खुर्ची तुझी. मग ने सगळ्यांना बहामाला, नाहीतर चंद्रावर!"

तोंडाने काहीही म्हणो, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्याला ही एवढी एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता.

पण गडी हट्टाला पेटला होता. त्याने सगळ्यांच्या कमरेला दुप्पट शिसं बांधायला लावलं. "तळाशी जायचं, पोट वाळूत, टाकी वर. श्वास हळू. दगड व्हायचं दगड! बोटसुद्धा हलवायचं नाही. जो हलेल तो पुढच्या वर्षी घरी बसेल."

आठही जण दोन पुरुष खोल तळाशी जाऊन पालथे पडले. झऱ्याचं पाणी कोमट खरं, पण हातपाय न हलवता पडून राहिलं की तेच पाणी हाडांत शिरतं. पाचव्या मिनिटाला पहिला उठला क्लोव्हिस हेंब्री. हा एकशेचाळीस किलोचा गृहस्थ. सावकाश खाली उतरणं त्याला कधी जमलंच नाही, दर बुडीला तो कुणाच्या तरी अंगावर येऊन बसायचा. तो गुपचूप बोटीत चढला, ब्लँकेट गुंडाळलं आणि उकडलेल्या शेंगांची पिशवी फोडली. मग एकेक करत बाकीचे वर आले. शेवटी ओडेसासुद्धा आली. क्लोव्हिस सोडून सगळ्यांनी टाक्या आणि शिसं काढून ठेवलं आणि लूअ‍ॅनकडून नळ्या घेऊन ते पाण्यावर तरंगू लागले. वाळूत तोंड खुपसून पडलेल्या अध्यक्षांना याचा पत्ताच नव्हता.

आणि मॅनटी आली!

गवतातून आली ती सरळ बुडबुड्यांकडे. साऱ्या झऱ्यात आता एकट्या रॉइसचेच बुडबुडे होते. तिने आधी त्यांवर पोट धरलं. गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण ती या कुशीवरून त्या कुशीवर झाली. मग तिने रॉइसच्या टाकीवर पाठ घासली, आणि शेवटी सावकाश त्याच्या अंगावर टेकून डोळे मिटले.

"अगं बाई! बसली त्याच्यावर!" ओडेसा ओरडली आणि खाली बुडी मारू लागली.

लूअ‍ॅनने बोटीतून वाकून तिचा दंड धरला. "हलू नका! झोपलेल्या मॅनटीला त्रास देणं हा गुन्हा आहे."

"आणि तिच्याखाली अध्यक्ष असला तर?"

"त्याबद्दल नियमात काही नाही. बुडबुडे येतायत ना? मग जिवंत आहेत."

खाली रॉइसला पाठीवर वजन जाणवलं. गाळ उठल्यामुळे दिसत काहीच नव्हतं, पण दिसायची गरजही नव्हती. हा मेला क्लोव्हिसच! दुसरा कुणी असता तर उसळून उठला असता. पण हुकूम आपलाच, मग मोडायचा कसा? रॉइसने दात आवळले आणि दगड होऊन पडून राहिला. मॅनटी दोनदा श्वास घ्यायला वर गेली आणि दोन्ही वेळा परत त्याच जागी येऊन टेकली. क्लोव्हिस उठतो काय, पुन्हा येऊन बसतो काय! रॉइसच्या मते ही हद्द झाली.

वर तरंगणारे गारठा विसरले होते. ओडेसा मास्कच्या आत चक्क रडत होती, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तोंड पाण्याबाहेर काढत नव्हती.

वीस मिनिटांनी मॅनटी उठली, आळोखेपिळोखे दिले आणि आली तशी निघून गेली. टाकीतली हवा संपत आली तेव्हा रॉइस वर आला.

"क्लोव्हिस! गाढवा! माझी पाठ काय तुला बाकडं वाटली? तुझ्या पायी आली असेल ती मॅनटीसुद्धा पळाली!"

क्लोव्हिस बोटीतून वाकून बघत होता. अंगावर कोरडं ब्लँकेट, तोंडात शेंग. "मी? मी तर केव्हाचा इथं आहे."

"मग माझ्या पाठीवर कोण बसलं होतं?"

ओडेसा म्हणाली, "रॉइस, मॅनटी होती ती. वीस मिनिटं."

त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. थट्टा दिसत नव्हती. "कशी होती?" त्याने हळूच विचारलं.

"मोठी," क्लोव्हिस म्हणाला. "आणि फार सुखात होती."

"अहो, पाठीवर बसली म्हणजे बघितल्यासारखंच की!" लूअ‍ॅनने समजूत घातली.

"डोळ्यांनी, असं म्हणालो होतो. बोललो ते बोललो." काकडलेल्या बोटांनी त्याने ओडेसाच्या कागदावर सही केली आणि बोटीच्या टोकाला जाऊन पाण्याकडे पाठ करून बसला.

ओडेसाने कागद घडी करून खिशात घातला. आता बहामाचं नाव निघणार म्हणून सगळे वाट बघत होते.

"नव्या अध्यक्षांचा पहिला हुकूम," ती म्हणाली. "पुढच्या जानेवारीत इथेच यायचं. टाक्या घरी. सगळ्यांनी नळी धरायची."

"टाकीशिवायची बुडी धरत नाहीत," रॉइस पुटपुटला.

"तू टाकी घेऊनच यायचं. तुझ्या बुडबुड्यांशिवाय ती येईल कशाला? तू खाली, आम्ही वर."

"म्हणजे तुम्हीच बघणार!" रॉइस ताडकन उठला. "आणि मी गं? मी कधी बघायची?"

ओडेसा त्याच्याजवळ गेली आणि ब्लँकेट त्याच्या खांद्यांवर टाकलं.

"अरे, पुढच्या वेळी उताणा झोप की!"