परमेश्वराचा कोप आणि टिटवीबाईंचे सत्कार

बाळांनो, मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका. एका जंगलात एक टिटवी होती आणि देव तिच्याशी बोलत असे. देव टिटवीशीच का बोलतो, सिंहाशी का नाही, असे विचारू नका. सिंहाला बोलायचे असते, ऐकायचे नसते.

त्या जंगलात एक तळे होते. दांडग्या जनावरांनी त्याला काटेरी कुंपण घातले होते. सशांनी आणि हरणांनी बाहेरचा चिखल चाटायचा. शेजारच्या दोन्ही जंगलांतही हाच प्रकार. देवाला भयंकर संताप आला. तो टिटवीला म्हणाला, "तिन्ही जंगलांना सांग. कुंपण काढा, नाहीतर आग पाठवतो."

टिटवीबाईंची अंडी तळ्याजवळ उघड्या जमिनीवर होती. आग आली तर आपण उडू, अंडी कुठे उडणार? आपल्या जंगलाने ऐकलेच पाहिजे, असे त्यांना अगदी कळकळीने वाटले. पण घरच्यांशी एकदम वाकडे बोलायचा धीर होईना. म्हणून त्यांनी शेजाऱ्यांपासून सुरुवात केली.

"परमेश्वर म्हणतो, पूर्वेच्या जंगलाने दुबळ्यांचे पाणी तोडले आहे. मी त्यांच्यावर अग्नी पाठवीन!"

जंगल आनंदाने वेडे झाले. माकडांनी कोलांट्या मारल्या. अस्वल रानडुकराच्या गळ्यात पडून रडले. तिथे रीतच होती, शेजाऱ्याचे वाईट बोलेल त्याचा सत्कार करायचा. टिटवीबाईंना शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. शालीखालून त्यांना बाहेर काढायला बराच वेळ लागला.

अध्यक्ष हत्तीराव गहिवरून म्हणाले, "बाई, हे लांबवर ऐकू गेलं पाहिजे. कर्णा लावा रे!"

दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या जंगलाची पाळी. कर्णा चिंचेच्या शेंड्यावर बांधला होता. आवाज डोंगरापलीकडे गेला. "पुन्हा एकदा!" गर्दी ओरडली. पूर्वेचा कोपही लोकाग्रहास्तव पुन्हा झाला. माकडांनी त्यावर ठेका धरला.

मंडळी खुशीत आहेत, आता बोलून टाकावे, असे टिटवीबाईंना वाटले. त्यांनी डोळे मिटले. "परमेश्वर म्हणतो, हे जंगलही तसेच आहे. कुंपण काढा, नाहीतर अग्नी इथेही येईल!"

माकडांचा ठेका चुकला. मग कोल्हेसाहेब हसले. "बाई दमल्यात. सरबत द्या त्यांना."

"दमले नाही हो!" टिटवीबाई रडकुंडीला आल्या. "माझी अंडी आहेत इथं!"

"मग तर काळजीच मिटली," हत्तीराव म्हणाले. "देव काय आपल्याच माणसाचं घर जाळेल?"

सगळ्यांना हे पटले. टिटवीबाईंना आणखी एक शाल मिळाली. तरी खबरदारी म्हणून रानडुकराने जंगलाच्या नावाची पाटी उपटली आणि पूर्वेच्या जंगलात नेऊन रोवली. आग पाटी बघून तिकडे वळेल, असा त्याचा हिशेब होता.

आता गंमत ऐका. शेजाऱ्यांनी कर्णा ऐकला होता. त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी कुंपणे काढली, सशांची माफी मागितली. देवाचा राग निवळला. तो त्यांच्यापुरता निवळला.

मग आग आली. तिला वाचता येत नव्हते.

त्याच सकाळी टिटवीबाईंची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली होती. ती आईमागे तुरुतुरु धावत सुटली. टिटवीबाई रडत होत्या, हसत होत्या, "पळा रे, पळा!" म्हणून ओरडत होत्या. त्यांच्या मागून अख्खे जंगल होरपळलेल्या शेपट्या सांभाळत पूर्वेच्या जंगलात घुसले. तिथल्या जनावरांनी काही न विचारता सगळ्यांना पाणी दिले.

हत्तीराव पोटभर प्याले. त्यांनी सोंड झटकली, हिरव्यागार झाडांकडे पाहिले आणि टिटवीबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारले, "बाई, हे लोक अजून जळले कसे नाहीत?"

तात्पर्य : शेजाऱ्याच्या नाशाची बातमी कधीही कर्ण्यावरून देऊ नये. तो ऐकतो, सुधारतो आणि आपल्याला एकट्यालाच जळावे लागते.