पसंती कळवायला ये

भाऊमास्तर पुस्तकाला पुस्तक म्हणत नसत, स्थळ म्हणत. पेन्शनीत निघाल्यावर ते भोरच्या वाचनालयात बिनपगारी बसत. पुण्याला कॉलेजात शिकणारं कुणी निबंधासाठी पुस्तकं विचारायला आलं, की आधी विषय विचारत, मग गाव, मग स्वभाव. त्यावरून पाच-सहा पुस्तकांची नावं कागदावर उतरवून प्रत्येकाखाली दोन ओळींचं टिपण लिहीत. कागद देताना एकच अट घालत, "वाचून झालं की पसंती कळवायला ये."

त्यांच्या मेजासमोर एक खुर्ची असे. पहिल्याच दिवशी मी तिच्यात ऐसपैस बसलो आणि लगेच उठवला गेलो. "ती पसंती सांगायला येणाऱ्याची," मास्तर म्हणाले. रोज सकाळी ते ती पुसत. पण पुण्याला गेलेलं पोर पुस्तकाची खबर द्यायला भोरला कशाला येतंय? आजवर एकही आलं नव्हतं.

मी वेल्ह्याचा, निबंध मावळातल्या भातशेतीवर आणि नजर बक्षिसावर. माझ्या कागदावर सरकारी गॅझेटियरखाली लिहिलं होतं, "घराणं मोठं. बोलणं तुटक. चिखलात कधी पाय घातलेला दिसत नाही." एका जाडजूड शेतकी पुस्तकाखाली, "रूप बेताचं, पण संसाराला चांगलं. उत्तरार्धात कटकट करतं, तेवढी सोसावी."

निबंधाला पुस्तकांची टिपणं जोडायची असतात, एवढंच मला ठाऊक. मी सगळा मजकूर जसाच्या तसा, वळणदार अक्षरात उतरवून जोडला. खाली शाईनं दुहेरी रेघही मारली. प्रोफेसरांनी तो भर वर्गात वाचला आणि गंभीरपणे विचारलं, "मुहूर्त कधीचा धरलाय?"

बक्षीस गेलं. वर्षभर मी वर्गाचा नवरदेव होतो.

सुट्टीत गावी जाताना वाट वाकडी करून भोरला गेलो, ते भांडायला. पुण्यात कमावलेली शुद्ध भाषा रागात कुठल्या कुठं गेली.

"मास्तर, तुमच्या त्या कागदापायी लई शोभा झाली माजी."

मास्तर उठले, धोतराच्या सोग्यानं ती खुर्ची पुन्हा एकदा पुसली आणि माझ्याकडे सरकवली. मी बसलो. पाठ करून आणलेलं भांडण मला आठवेना.

ते समोर बसले. चष्मा काढला, परत घातला. मग मुलीच्या सासरचं कुणी आल्यावर विचारावं तसं, जरा भीत विचारलं, "ते शेतकी पुस्तक... उत्तरार्धात फार कटकट करतं का रे?"

उत्तरार्ध मी उघडलाही नव्हता.

"न्हाई मास्तर," मी म्हणालो, "चांगलं नांदतंय."