गुरुवारचे अकरा सेकंद

थियाच्या फोनने जागा संपल्याचं सांगितलं तेव्हा बंदरावरचं धुकं खिडकीला टेकलं होतं आणि बोटी नुसत्या घंटांवरून ओळखाव्या लागत होत्या. सात महिन्यांची ऑड्री तिच्या मांडीवर झोपली होती. प्रश्न होता तो ऑड्रीचे चार हजार फोटो ठेवायचे कुठे.

नवरा डंकन बोटी दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं, हार्ड डिस्क आणावी, कपाटात ठेवावी. हातात धरता येतं तेच आपलं. घराला आग लागली तर, थियाने विचारलं. पाणी शिरलं तर? ऑड्रीने डिस्क चावली तर? शेवटच्या प्रश्नावर डंकनने हार मानली. सगळं क्लाउडवर गेलं, फोन मोकळा झाला. जाता जाता डंकनने आपल्या आईच्या, वेराच्या, घरातली इंटरनेटवरून फोटो दाखवणारी चौकटही त्याच फोल्डरला जोडून दिली. नातीचा प्रत्येक फोटो आजीला आपोआप दिसावा म्हणून.

मग काही दिवस थिया तरंगतच होती. दुपारी अर्धवट झोपेत तिला वाटायचं, ऑड्रीचं सगळं बाळपण कुठेतरी उंचावर अलगद ठेवलेलं आहे. त्यात ते अकरा सेकंदही आहेत: टबात बसलेली ऑड्री, साबणाचा फुटलेला फुगा आणि तिचं आयुष्यातलं पहिलं खळखळून हसणं.

गुरुवारी सकाळी वेराचा फोन आला.

"पोरी, चौकट छान चालतेय हो. फक्त ते पिवळं काय आहे?"

थियाला लगेच कळलं. डॉक्टरांना दाखवायला तिने ऑड्रीच्या डायपरचे त्रेचाळीस फोटो काढले होते. तारीखवार, आणि रंग नीट यावा म्हणून खिडकीजवळ नेऊन.

"कुठलं पिवळं, आई?"

"एकात हिरवट झाकही आहे. मला वाटलं डंकनने भिंती रंगवायला काढल्या. दोन वाजता बायका येतील, त्यांना विचारते."

बायका म्हणजे गुरुवारचं गोधडी मंडळ. आठ जणी, त्यातल्या तिघी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्या. थियाने एका हातात रडणारी ऑड्री धरून लॅपटॉप उघडला. त्रेचाळीस फोटो एका हाताने वेचत बसायला वेळ नव्हता. ते सगळे ऑक्टोबरचे होते, म्हणून तिने ऑक्टोबरच पुसला. चौकट कचरापेटीतलंही दाखवत असेल तर, अशी शंका आली तशी तीही रिकामी केली. मग ऑड्रीला खांद्यावर थोपटताना तिला आठवलं. टबातला व्हिडिओही ऑक्टोबरचाच.

क्लाउड कंपनीच्या फोनवरच्या बाईने फार गोड आवाजात समजावलं की एका ठिकाणी पुसलेलं सगळ्या ठिकाणी पुसलं जातं, आणि आपली सेवा अगदी व्यवस्थित चालू आहे.

तरी चौकटीत काही उरलं असेल का बघायला थियाने ऑड्रीला गाडीत बसवलं आणि धुक्यातून चाचपडत वेराचं घर गाठलं. आत आठ सुया थांबल्या होत्या. सगळ्या चौकटीकडे बघत होत्या आणि चौकटीत अजूनही पिवळंच होतं.

"आई, हे पुसलं नाही गेलं?"

"काय पुसलं जायचंय? एक फोटो बघते न बघते तोच नवा टपकायचा. म्हणून सकाळी तुझ्याशी बोलले आणि वायफायचा डबाच बंद केला. आता कसं, माझ्या चालीने चालतंय."

आता थियाला उलगडा झाला. पुसण्याचा हुकूम या घरापर्यंत पोचलाच नव्हता. डबा सुरू होताच पोचणार होता.

"आई, तो डबा पुन्हा लावू नका. कधीच."

"नाहीच लावत. पण चौकट इथून हलणार नाही. बघायचं असेल त्याने इथे यायचं."

फोटो तारखेप्रमाणे सरकत राहिले. मंडळात एक निवृत्त नर्स होती. सतरावा बघून ती म्हणाली, हे दात येतायत त्याचं. दुसरीला तो रंग गोधडीच्या काठाला हवा होता. थियाने लाजून जमिनीकडे पाहिलं. मग त्रेचाळिसावा गेला, टब आला, फुगा फुटला आणि ऑड्री हसली. नर्सने नाक पुसलं.

तेव्हापासून दर गुरुवारी दोन वाजता थिया तिथे असते. चौकटीसमोर फोन धरून अकरा सेकंद उतरवून घे, एवढंच तर काम आहे, असं डंकन दोनदा म्हणाला. थिया म्हणाली, हो, पुढच्या गुरुवारी. फोन कोटाच्या खिशातून निघत नाही. नर्स सरकून जागा करते, वेरा चहा ओतते, आणि चाळिसावा गेला की थिया ऑड्रीला उभी करून तिचं तोंड चौकटीकडे वळवते.