उजव्या अंगठ्यावरचा अन्याय

"बाबा, उजव्या पायाला लसणाचा वास का येतोय?"

सुनेने विचारलं आणि सासऱ्यांनी पाय झटकन खुर्चीखाली ओढला. नखांतल्या बुरशीवर लसणाचा अर्क चालतो का, यावर तिने तीन वर्षं घालवली होती. सासऱ्यांच्या दोन्ही पायांची नखं बुरशीने पिवळी पडलेली. डाव्या अंगठ्याला अर्क आणि उजव्याला नुसतं साधं तेल लावायचं, असं ठरलं होतं. फरक दिसला तर पदवी, नाहीतर सगळंच मुसळ केरात. आणि तो फरक बघायला खुद्द तिचे मार्गदर्शक सर जिना चढत होते.

"अगं, डावा बरा व्हायला लागला. मग उजव्याने काय घोडं मारलंय? दोन्ही माझेच ना! लावत गेलो त्यालाही."

दोन्ही नखं सारखीच गुलाबी. ती अगदी रडकुंडीला आली.

"थांब, मी निस्तरतो," म्हणत सासरे स्वयंपाकघरात पळाले आणि उजवं नख हळदीने माखून आले. तेवढ्यात बेल वाजली.

सर मोजकंच बोलणारे. भिंगातून त्यांनी डावा अंगठा पाहिला. "छान." मग उजवा पाहिला, पुन्हा पाहिला आणि रुमालाने हलकेच पुसला. रुमाल पिवळाधमक झाला.

खोटं रेटणं काही सुनेला जमेना. "सर, अर्क दोन्हीकडे लागलाय. तुलना करायला काही उरलं नाही."

सर उठतील असं तिला वाटलं, पण भिंग अंगठ्यावरून करंगळीकडे सरकलं. "या करंगळ्या? यांनाही हळदच?"

"छे हो, त्या खऱ्याच पिवळ्या," सासरे ओशाळले. "अंगठ्यापर्यंत कसाबसा हात पोचतो. करंगळीपर्यंत पोट जाऊ देत नाही."

सर पहिल्यांदाच हसले आणि सुनेकडे वळले. "मग यांच्यावर नव्याने सुरू करा. एकीला अर्क, एकीला तेल, आणि तुम्ही स्वतः लावायचं. फक्त सहा महिने यांचा हात तिथे पोचता कामा नये."

सुनेच्या जिवात जीव आला. दारातल्या सासूबाईंचा मात्र चेहरा पडला. "अहो, डॉक्टरांनी ह्यांना पोट कमी करायला सांगितलंय! उद्यापासून पळायला पाठवणार होते मी."

"आई, सहाच महिने हो," सून अजिजीने म्हणाली.

"पोरीच्या पदवीचा प्रश्न आहे," सासरे गंभीरपणे म्हणाले आणि खुर्चीत ऐसपैस रेलले.