भिवापूरचे पाय

"भिवापूरच्या माणसाचा पाय या मोहल्ल्यात पडणार नाही. माझी जबाबदारी." नत्थूच्या हाटेलात बशी आपटत मनोहररावांनी सांगून टाकलं.

त्या उन्हाळ्यात भिवापुराकडे हैजा, म्हणजे पटकी, सुरू झाला होता आणि नागपुरातल्या सदरमधल्या प्रत्येक रिकाम्या माणसाला त्यावर उपाय सापडला होता. मनोहररावांचा उपाय सोपा होता. मोटारी बंद करा, जो जिथं आहे त्याला तिथंच ठेवा. स्वतः मनोहरराव कुठंच जात नसत, त्यामुळं हा कायदा त्यांना फार पसंत होता.

"अन् कोणी मेलं तं?" सायकलदुकानवाल्या चंद्रभाननं विचारलं.

"मेलेल्याले कायची घाई?"

"अन् लग्न असलं तं?"

"लग्न पुढच्या वर्षी बी होते. लोकायले शिस्तच नाही गा. मोटारीत दाटून बसतात, खिडकीतून थुंकतात, साऱ्यायचा एकच गिलास."

"तुम्ही आता काहून थुंकले मंग?"

"मी माझ्या मोहल्ल्यात थुंकलो."

वाद दिवे लागेपर्यंत चालला. शेवटी मोटारी काही बंद झाल्या नाहीत, पण मोहल्ल्याचा कायदा झाला. बाहेरगावचा माणूस आला तर विहिरीत टाकतात त्या लाल दवाईच्या पाण्यानं पाय धुतल्याशिवाय त्यानं उंबरठा ओलांडायचा नाही. सुचवलं मनोहररावांनीच.

घरी आले तर बायको, सुभद्राबाई, करंज्या तळत होत्या.

"ऐकलं काय, भिवापूरचे गोपाळराव रविवारी येऊन राहिले. पोराले घेऊन. आपल्या प्रेमिलेले पाहाले."

मनोहरराव खाटेवर बसले. प्रेमिलाची दोन स्थळं आधीच मोडली होती. गोपाळरावांची मिरचीची शेती, पोरगा मास्तर, वर हुंड्याचं नाव नाही. असं स्थळ हैजा ओसरायची वाट पाहत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी हाटेलात ते म्हणाले, "मुलगी पाहाले येणं म्हणजे प्रवास नव्हे."

"मंग काय हाये?"

"संस्कार हाये."

"संस्कार मोटारीनंच येऊन राहिला ना?" चंद्रभान म्हणाला. "येऊ द्या. पण पाय धुवा लागतीन. मी येतो पाहाले."

मनोहररावांनी विचार केला. होणाऱ्या व्याह्याचे पाय घरधन्यानं धुवायचे ही तर आपली रीतच. एकाच घंगाळात रीतही होईल आणि कायदाही. दवाई किती टाकायची, हे कोणाला विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. विहिरीला एक पुडी लागते. विहिरीपेक्षा व्याही मोठा. त्यांनी अख्खी पुडी रिकामी केली. पाणी पिकल्या जांभळासारखं झालं.

रविवारी गोपाळराव, मास्तर आणि मास्तरचा मामा आले. ओट्यावर चंद्रभान पहाऱ्याला होताच. मनोहररावांनी तिघांचेही पाय घंगाळात धरून, पोटऱ्यांपर्यंत चोळून चोळून धुतले.

"रंग कायचा गा हा?" गोपाळराव खुशीत म्हणाले.

"शहरातली रीत हाये."

करंज्या झाल्या. प्रेमिला चहा घेऊन आली. पाहायला आलेल्यांसमोर पोरीनं मान खाली घालायची असते, म्हणून तिनं घातली. दवाईचं पाणी सुकून समोर वाळलेल्या चामड्यासारख्या तपकिरी झालेल्या पायांच्या तीन जोड्या होत्या. प्रेमिला फिसकन हसली आणि चहा मामाच्या धोतरावर गेला.

मग साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं, वीटही घासून झाली. पाय सोलले, रंग हलला नाही.

"असे पाय घेऊन मी गावात उतरू?" गोपाळराव शांतपणे म्हणाले. "लोक म्हणतीन, नागपुरातून नवीनच रोग आणला. रंग जाईपर्यंत इथंच राहतो. पसंतीचं बी मंगच पाहू."

राहिले. भिवापूरचे तिघं, सदरमधल्या त्याच मोहल्ल्यात, मनोहररावांच्याच खाटांवर. मनोहरराव त्यांच्यासाठी पाणी उकळत होते आणि हाटेलात जात नव्हते, कारण त्यांचेही हात मनगटापर्यंत तपकिरी होते. एकदा गेले तर नत्थू म्हणाला, "अगोदर हात धुवून या, मनोहरराव. शिस्त पाह्यजे."

"गेले काय गा भिवापूरचे?" चंद्रभाननं विचारलं.

"घोट्यापर्यंत आहेत अजून."

शेवटी पाय उजळले. गोपाळराव निघताना म्हणाले, "पोरगी पसंत हाये. पाहुण्याच्या तोंडावर हसते, म्हणजे खोटी नाही. पण लग्न भिवापूरले. अन् आता आमच्या बी गावात कायदा करतो. नागपूरवाल्याचे पाय धुतल्याबिगर मांडवात घ्याचं नाही. तुमचे मी धुतो, माझ्या हातानं. पुड्या हायेत घरी."

मोटार सुटली तसे मनोहरराव थेट पायमोज्यांच्या दुकानात गेले.

"कितीचे देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"गुडघ्यापर्यंत," मनोहरराव म्हणाले. "अन् पाणी आत जाणार नाही असे."