बाळकाकांच्या पोटातलं घड्याळ

टॉर्च मी मुद्दाम लावला होता. चुकून बोट पडलं नव्हतं, की वेळेचा घोळ झाला नव्हता. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, सुनंदालाही नाही. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं माझी ही बायकोच तपासते, तेव्हा सगळ्यांत आधी ते तिलाच कळेल. लाल पेन्सिल तिच्या हातात आहे. बघू.

पण टॉर्चच्या आधी बाळकाका सांगायला हवेत.

बाळकाका उकिडवे लोकांचं हसू मोजायचे. कॅनडातल्या आमच्या या हॅमिल्टनमध्ये कोणाकडे बारसं असो की सत्यनारायण, एखाद्या विनोदावर सगळे हसायला लागले की हा सत्तरीचा किरकोळ माणूस छताकडे बघत ओठ हलवायचा. हसू विरलं की निकाल द्यायचा, “साडेतीन सेकंद. दोन शब्द कापले असतेस तर पाच झाले असते.” विनोद सांगणारा पुढच्या वेळी बाळकाका आले आहेत का, हे आधी बघून घ्यायचा.

हातात घड्याळ मात्र नसायचं. “पोटात आहे,” म्हणायचे. अंड्यांचं पातेलं बेसमेंटमध्ये गॅसवर ठेवून वर लेकीच्या दिवाणखान्यात खुशाल गप्पा मारत बसायचे, आणि वाक्याच्या मध्येच उठून खाली जायचे. अंडं कधी कच्चं राहिलं नाही. आरती झाल्यावर गुरुजींना सांगायचे, “आज चाळीस सेकंद लांबली. मधलं कडवं ओढलंत.” त्यांच्याकडे पूजा सांगायला जायची गुरुजींनी धास्ती घेतली होती.

धंदाच तो होता त्यांचा. चौदाव्या वर्षी मालवणहून वडिलांबरोबर इंग्लंडात, यॉर्कशरच्या गिरण्यांत गेले, आणि पुढे तीस वर्षं तिथल्या कामगारांच्या क्लबांत एकट्याने उभं राहून लोकांना हसवत राहिले. नाव लावलं बिली बाँबे. “मुंबई मी पाहिली ती बोट सुटेपर्यंत. चार तास. त्यावर तीस वर्षं काढली.” बिंगो आणि जेवण यांच्या मधली वीस मिनिटं त्यांच्या वाट्याला यायची. एकदा ऐन कार्यक्रमात वीज गेली तेव्हा लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. यांनी उरलेली सहा मिनिटं अंधारात पूर्ण केली. टीव्हीवरही एकदा दिसले होते. डॉक्टर म्हणून, पाठमोरे.

वेळेची शिस्त त्या धंद्यातली. हॉलच्या मागून कोणीतरी दिवा दाखवायचा. एकदा लुकलुकला तर दोन मिनिटं उरली. लावून धरला तर वाक्य अर्धं टाकून उतरायचं, कारण विचारायचं नाही. बाळकाकांचा दिवा तीस वर्षं त्यांच्या बायकोने, मार्गारेटने धरला. ती गेली आणि ते हॅमिल्टनला लेकीकडे आले, ते मार्गारेटचा पितळी टॉर्च घेऊन.

मी मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून मला ते नावाने कधीच हाक मारत नसत. क्लबात सेक्रेटरी म्हणजे देव, असं त्यांचं म्हणणं. तर या देवाची नव्या शतकाच्या सुरुवातीला पोलादाच्या कारखान्यातली नोकरी गेली. सुनंदाला सांगायचं धाडस झालं नाही. सहा आठवडे मी रोज सकाळी डबा घेऊन निघालो आणि वाटेवरच्या एका डोनटच्या दुकानात जाऊन बसलो.

कोपऱ्यातल्या टेबलावर बाळकाका. ते तिथे लोकांचं हसू ऐकायला यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “सेक्रेटरी, भाजी कसली?” बस. त्यापुढे एक प्रश्न नाही. रोज माझी अर्धी पोळी खायचे आणि सुनंदाच्या भेंडीला नावं ठेवायचे. सातव्या आठवड्यात मला दुसरी नोकरी लागली. गोष्ट आमच्या दोघांत राहिली.

त्यांना हवी होती एकच गोष्ट. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वीस मिनिटं. “इंग्रजीत कोणालाही हसवता येतं,” म्हणायचे. “मरायच्या आधी एकदा मराठीत हसवायचंय.” कमिटी तीन वर्षं नको म्हणाली: क्लबातले विनोद, समोर बायकामुलं. चौथ्या वर्षी मी हमी घेतली. दोन महिने ते बेसमेंटमध्ये नातवंडांपुढे तालीम करत होते. नातवंडं इंग्रजीत सांगायची की आजोबा, टू लाँग, आणि ते खरोखर कापायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, त्यांनी तो टॉर्च माझ्या हातात दिला. “मार्गारेटनंतर तूच.”

नऊ मिनिटं त्यांनी हॉल डोक्यावर घेतला. विंटर टायर, सासूबाईंचा व्हिसा, दारातला बर्फ उपसताना शेजाऱ्याशी ठेवायचं सभ्य वैर. कमिटीसुद्धा डोळे पुसत होती. मग ते थांबले, पुढे आले आणि म्हणाले, “आता एका माणसाची गोष्ट. हा रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा. बायकोला वाटायचं, कामाला जातो. पण हा...”

दुसऱ्या रांगेत सुनंदा हसत होती.

मी टॉर्च लावला आणि लावून धरला.

त्यांनी दिवा पाहिला. तोंड तसंच उघडं. मग मिटलं. हात जोडले आणि उतरले. लोकांना वाटलं, हाच विनोद, ते हसले. आयुष्यात पहिल्यांदाच मी हसू मोजलं. पाच सेकंद. पलीकडे पुऱ्या तळून तयार होत्या, सगळे पानांकडे वळले.

मंगळवारी ते डोनटच्या दुकानात भेटले. मी रागाने गेलो होतो. त्यांनीच विषय काढला. “डब्याची गोष्ट राहिली रे. माझीच होती ती.” गिरणी सोडून क्लबांच्या दारात उभं राहायला लागले तेव्हा चार महिने घरी सांगितलं नव्हतं. मार्गारेटला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ती डबा भरत राहिली, उलट त्यात एक सँडविच जास्त घालायची. कामावर जाणाऱ्यापेक्षा वणवण करणाऱ्याला भूक जास्त लागते, म्हणून.

“दुसरे कॉमेडियन बायकोवरच्या विनोदांवरच जगायचे,” ते म्हणाले. “मी तिला कधी स्टेजवर आणलं नाही. परवा आणणार होतो. गोष्टीत शेवटच्या मिनिटाला यायची होती ती.”

मी कॉफी ढवळत राहिलो. साखर घातलेली नव्हती.

“सेक्रेटरी, खरं सांग. दिवा किती मिनिटांना धरलास?”

खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की तुम्ही मला भर हॉलमध्ये उघडं पाडाल असं मला वाटलं. माझी अर्धी पोळी खाऊन सहा आठवडे गप्प राहिलेल्या माणसाबद्दल मला असं वाटलं.

“वीस,” मी म्हटलं. “वर थोडंच.”

त्यांनी मान हलवली. “मला नऊ वाटली.” मग कप बाजूला सारला. “म्हणजे गेलं घड्याळ.”

पुढच्या आठवड्यात त्यांच्या मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आलं. अंडी त्यात बघून उकडू लागले. आरती कितीही लांबली तरी गुरुजींना काही बोलेनात. गुरुजींनीच एकदा मला हळूच विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना. पुढच्या गणपतीत मी वीसच्या जागी तीस मिनिटं देऊ केली. ते म्हणाले, दिवा ओलांडणाऱ्याला उभं करू नये. टॉर्च परत द्यायला गेलो, तर घेईनात.

लेकीची बदली झाली तसे ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेले. दर पाडव्याला मी फोन करतो. ते माझे विनोद ऐकून घेतात, सुनंदाच्या भेंडीची चौकशी करतात आणि फोन ठेवताना सांगतात, “सात मिनिटं झाली.” त्याआधी क्षणभर थांबतात. तेव्हा ते मनगटाकडे बघत असतात, हे मला माहीत आहे.

हा अंक पोस्टाने त्यांनाही जातो. भिंग घेऊन जाहिरातींसकट वाचतात, असं लेक सांगते.

बाळकाका, तुमचं घड्याळ बरोबर होतं. नऊच मिनिटं झाली होती. मार्गारेटचा टॉर्च माझ्या कपाटात आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा आणि म्हणाल तिथे घेऊन येतो. तुमची अकरा मिनिटं मी देणं लागतो.